चांगीतला ट्रान्समीटर

रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर शिकायचे मनात आले की माणूस सर्वप्रथम हेलिकॉप्टरच्या चित्राकडे पाहतो आणि हातात धरायच्या डब्याकडे सर्वांत शेवटी. वास्तविक हा क्रम उलटा हवा. हेलिकॉप्टर पडते, मोडते, दुरुस्त होते, विकले जाते. ट्रान्समीटर मात्र नीट निवडला तर वर्षानुवर्षे जवळ राहतो, आणि त्याची बोटांना लागलेली सवय तर जन्मभराची. चांगी बिझनेस पार्कात नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला ही हौस वाटू लागली की "कुठला सेट घेऊ?" असे विचारणे होते, आणि उत्तरादाखल एखाद्या कंपनीचे नाव सांगितले जाते. नुसत्या नावाने भागत नाही. त्या डब्यावर एवढ्या दांड्या, खटके आणि कळा का आहेत, हे एकदा समजले की निवड बरीच सोपी होते. आणि ते समजायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

त्याआधी जागेविषयी दोन शब्द. चांगी बिझनेस पार्क ही जुरोंग टाऊन कॉर्पोरेशनची १९९७ सालची योजना. ७० हेक्टरांच्या आसपास जागा, बँकांच्या आणि संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, २००१ साली सुरू झालेले एक्स्पो स्टेशन, आणि त्याच फाट्यावरचे पुढचे स्टेशन म्हणजे थेट विमानतळ. इथेच सगळी गोची आहे. सिंगापुरात २०१५ साली मानवरहित विमानांविषयी कायदा झाला. विमानतळापासून वा हवाई तळापासून पाच किलोमीटरांच्या आत, किंवा समुद्रसपाटीपासून २०० फुटांच्या वर काही उडवायचे तर परवाना लागतो. चांगी, पाया लेबार, सेलेटार, सेंबावांग, तेंगा अशी पाच वर्तुळे नकाशावर काढून पाहा. बेटाचा मोठा भाग त्यांत झाकला जातो. २०१९ च्या जूनमध्ये चांगीच्या आसपास कुणी अज्ञाताने ड्रोन उडवले, एक धावपट्टी अधूनमधून बंद ठेवावी लागली आणि ३७ उड्डाणांना फटका बसला. पुढच्याच वर्षी २५० ग्रॅमपेक्षा जड यंत्रांची नोंदणी सक्तीची झाली. ड्रोन वेगळे आणि आपले हौशी हेलिकॉप्टर वेगळे, असा युक्तिवाद कायद्यापुढे चालत नाही.

तेव्हा या परिसरातल्या नवशिक्याला बिनघोर वापरता येते ती वस्तू एकच : ट्रान्समीटर, संगणकावरच्या सिम्युलेटरला जोडलेला. हेलिकॉप्टर परवानगीच्या मैदानावर, सुटीच्या दिवशी. म्हणून पैसा आणि विचार, दोन्ही आधी ट्रान्समीटरवर खर्च करावेत असे मी म्हणतो.

आता इतिहास. दुरून, तारेशिवाय एखादी वस्तू हलवावी ही कल्पना रेडिओवरच्या गाण्या-बातम्यांहून जुनी आहे. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी विद्युतलहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. शब्द नाही, सूर नाही, नुसती आज्ञा. तीन वर्षांनी, १८९८ साली, निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट तारेविना चालवून दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट घेतले. पाहणाऱ्यांना वाटले, आत माकड बसवले असावे किंवा हा मनुष्य मनोबलाने बोट हाकतो आहे!

पुढची पायरी लष्कराची. १९३५ साली इंग्रजांनी 'क्वीन बी', म्हणजे राणी मधमाशी, नावाचे वैमानिकाविना उडणारे विमान तोफखान्याच्या नेमबाजीसाठी तयार केले. जमिनीवरून त्याला आज्ञा द्यायची पेटी होती ती टेलिफोनच्या तबकडीसारखी : आकडा फिरवायचा, विमान वळायचे. नर मधमाशीला इंग्रजीत 'ड्रोन' म्हणतात, आणि तो शब्द या राणीमुळेच रूढ झाला असे मानतात. हौशी लोकही मागे नव्हते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली 'गफ' नावाचे मॉडेल विमान रेडिओवर उडवले. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे. त्या काळातली युक्ती मोठी मजेची होती. विमानात पीळ दिलेला रबर असे. जमिनीवरून बटण दाबले की एक अडसर सुटे आणि रबराच्या जोराने सुकाणू एका बाजूला जाई. पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला. किती वळायचे हे सांगण्याची सोय नाही. वळ, नाहीतर वळू नको.

या साध्या पद्धतीत एक मोठा धोका होता. शत्रूने किंवा शेजाऱ्याने त्याच लहरीवर बटण दाबले तर विमान त्याचे ऐकणार. त्यावर तोडगा निघाला तो हॉलिवूडमध्ये. हेडी लमार ही त्या काळची गाजलेली नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांना ऑगस्ट १९४२ मध्ये एक पेटंट मिळाले. पाणतीराला दुरून आज्ञा द्यायच्या, पण त्या एकाच लहरीवर न देता, आपोआप वाजणाऱ्या पियानोतल्या भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीनुसार भराभर लहर बदलत द्यायच्या. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून लहरीही ८८. युद्धात हे वापरले गेले नाही. पण कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती आपल्या खिशाशी येऊन भिडणार आहे.

त्या वेळी सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात होते, आणि चांगीच्या तुरुंगात युरोपीय नागरिक कोंडलेले होते. आज बिझनेस पार्क आहे तिथून हा तुरुंग जेमतेम तीन किलोमीटरांवर. त्याची जुनी इमारत पाडली गेली असली तरी प्रवेशद्वार, भिंतीचा एक भाग आणि बुरूज जपले आहेत आणि २०१६ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांतला फरक आपण आज सहज सांगतो : एक बोलतो, दुसरा ऐकतो. इथे तो फरक माणसांच्या जिवावर बेतला.

झाले असे, की २६ सप्टेंबर १९४३ च्या रात्री सिंगापूरच्या बंदरात ऑस्ट्रेलियाहून आलेल्या छोट्या तुकडीने होड्यांतून जाऊन जपानी जहाजांना सुरुंग चिकटवले. सहा-सात जहाजे बुडाली वा निकामी झाली. तुकडीला घेऊन आलेल्या मचव्याचे नाव 'क्रेट', म्हणजे आपली मण्यार. जपानी लष्करी पोलिसांना, केम्पेताईला, हे लोक बाहेरून आले असतील हे पटेना. त्यांची खात्री झाली की तुरुंगातल्या कुणीतरी लपवलेल्या ट्रान्समीटरवरून बातमी पुरवली. १० ऑक्टोबरला त्यांनी तुरुंगावर झडती घातली आणि ५७ जणांना नेले. लंडनची बातमीपत्रे ऐकण्यासाठी कैद्यांनी गुपचूप जुळवलेले रिसीव्हर होते, हे खरे. पण ज्यावरून कट रचला जाईल असा ट्रान्समीटर नव्हताच. नसलेल्या वस्तूचा कबुलीजबाब काढण्यासाठी महिनोन्महिने छळ झाला. १५ जण मेले. पकडलेल्यांत सिंगापूरचे बिशप लिओनार्ड विल्सन होते. कैद्यांना बाहेरून मदत पोहोचवणाऱ्या एलिझाबेथ चॉय यांनी तर सुमारे दोनशे दिवस कोठडी सोसली. युद्धानंतर, १९४६ साली, केम्पेताईच्या २१ जणांवर खटला चालला आणि आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. आपल्या मंडळींना ऑक्टोबर १९४३ चे सिंगापूर आठवते ते त्याच महिन्याच्या २१ तारखेला सुभाषबाबूंनी कॅथे इमारतीत केलेल्या आझाद हिंद सरकारच्या घोषणेमुळे. त्याच शहरात, त्याच दिवसांत, हेही चालले होते. लहरी सोडणारे यंत्र कुणाच्या हाती असावे याविषयी सरकारे जरा अधिकच सावध असतात, तो केवळ कारकुनी स्वभाव नव्हे.

असो. युद्धानंतर सुटे भाग स्वस्त झाले आणि हौशी मंडळींची चंगळ झाली. १९५० च्या दशकात 'रीड' पद्धत आली. ट्रान्समीटरमधून निरनिराळे स्वर पाठवायचे. विमानातल्या रिसीव्हरमध्ये पोलादी पट्ट्यांची एक फणी असे, त्यातली ज्या स्वराला जुळवलेली असेल तीच पट्टी थरथरायची आणि तिची मोटर चालायची. सतारीच्या तरफा जशा आपला सूर ऐकताच बोलतात, अगदी तसे. आता एका विमानाला आठ-दहा आज्ञा देता येऊ लागल्या, पण प्रत्येक आज्ञा अजूनही 'पूर्ण' किंवा 'नाही'. थोडेसे वळायचे तर खटका टकटक वाजवत राहायचे.

खरा पालट झाला १९६० च्या दशकात. अमेरिकेत मॅथेस आणि स्प्रेंग यांच्यासारख्यांनी जी पद्धत पुढे आणली, तिच्यात दांडी जितकी ढकलावी तितकेच सुकाणू हलते. दांडीची जागा एका ठोक्याच्या लांबीत सांगितली जाते : एक मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे एक टोक, दोन मिलिसेकंदांचा म्हणजे दुसरे, दीड म्हणजे मध्य. असे ठोके सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. विमानातली सर्व्हो मोटर आपली जागा स्वतःच तपासून त्या ठोक्याशी जुळवून घेते. आजचा कुठलाही ट्रान्समीटर उघडा, आतली विद्या कितीही बदललेली असो, सर्व्होपाशी बहुधा हाच ठोका पोहोचतो.

हे झाले नसते तर हेलिकॉप्टरचे मॉडेल अशक्यच होते. विमान स्वभावाने उडणारे. दांड्या सोडल्या तरी थोडा वेळ तरंगते. ज्यांनी शाळेत एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये दोरीच्या टोकाला गरगर फिरणारे विमान उडवले असेल, त्यांना हे ठाऊक आहे. हेलिकॉप्टर स्वभावाने पडणारे. त्याला क्षणोक्षणी, चारी बाजूंनी, थोडे-थोडे सावरावे लागते. 'पूर्ण' आणि 'नाही' या भाषेत ते ऐकत नाही. डीटर श्ल्यूटर या जर्मन अभियंत्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि १९७० साली त्याचे मॉडेल हेलिकॉप्टर जवळजवळ अर्धा तास हवेत राहिले. त्याच्या 'ह्युई कोब्रा'चे संच बाजारात आले आणि हा खेळ सर्वसामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला.

पुढे पात्यांचा कोन उडतानाच बदलण्याची सोय, म्हणजे कलेक्टिव्ह पिच, आली आणि तिथून हेलिकॉप्टरचा ट्रान्समीटर विमानाच्या ट्रान्समीटरपासून वेगळा झाला. एकच दांडी वर केली की दोन गोष्टी घडायला हव्यात : पात्यांचा कोन वाढायला हवा आणि इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात. ते प्रमाण सरळ रेषेत नसते, म्हणून ट्रान्समीटरमध्ये पाच-सात ठिपक्यांच्या 'वक्ररेषा' भरता याव्या लागतात. वर ताकद वाढली की धड उलट दिशेला फिरू पाहते, तेव्हा शेपटीच्या पंख्याला सावरायला हवे. पूर्वी हे हिशेब ट्रान्समीटर करायचा. १९९० च्या दशकात चांगले जायरो आले आणि शेपटी त्यांनी सांभाळली. २०१० च्या आसपास पात्यांवरची तोल राखणारी आडवी दांडीही गेली आणि तिचे काम हेलिकॉप्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सने घेतले. म्हणजे आज ट्रान्समीटरच्या डोक्यावरचा भार कमी झाला आहे, पण वाहिन्या कमी झालेल्या नाहीत. मोजून पाहा : पुढे-मागे, डावे-उजवे, शेपटी, पात्यांचा कोन, मोटर, जायरोची तीव्रता. सहा इथेच झाल्या. घाबरलेल्या नवशिक्याला एका खटक्यात हेलिकॉप्टर सरळ करून देणारी 'रेस्क्यू' सोय हवी, ती सातवी. म्हणून सहा वाहिन्यांचा सेट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, आठ असाव्यात.

आता दांड्यांविषयी, कारण इथली निवड नंतर बदलता येत नाही म्हटले तरी चालेल. ताकदीची दांडी डाव्या हाताला असली तर त्याला मोड दोन म्हणतात, उजव्या हाताला असली तर मोड एक. अमेरिकेत मोड दोन, जपानमध्ये मुख्यतः मोड एक. दोन्ही पद्धतींत जगज्जेते झाले आहेत, तेव्हा अमुकच श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. पण गोदरेजच्या मराठी टंकयंत्रावर बसलेली बोटे दुसऱ्या कळफलकावर कशी अडखळतात हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको : एक मोड अंगवळणी पडला की दुसरा जमत नाही, आणि हेलिकॉप्टर खाली येत असताना विचार करायला अर्धा सेकंदही नसतो. तुम्हाला मैदानावर जो शिकवणार असेल त्याचा मोड घ्या. संकटात त्याला तुमच्या हातून सेट घेता आला पाहिजे.

लहरींची कथा अजून राहिली. २००५ पर्यंत प्रत्येक सेटमध्ये एक क्रिस्टल असे आणि तो सेट एकाच लहरीवर बोलत असे; अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झच्या आसपास, युरोपात बऱ्याच ठिकाणी ३५. दोघांनी एकाच लहरीचे सेट चालू केले की एकाचे तरी विमान कोसळणार. म्हणून मैदानावर एक फळा असे, त्यावर लहरीच्या आकड्याचा चिमटा. तो ज्याच्या हाती त्यानेच सेट चालू करायचा, बाकीच्यांनी थांबायचे. चाळीतल्या नळावरच्या बादल्यांचा नंबर तसाच हा प्रकार, फक्त इथे भांडण चुकले तर पाण्याऐवजी महिनोन्महिन्यांची मेहनत जायची. २००५ साली स्पेक्ट्रम कंपनीने २.४ गिगाहर्ट्झवरचा सेट आणला, फुटाबाने लवकरच आपला आणला, आणि कालांतराने बहुतेकांनी लहर सतत बदलत राहण्याची पद्धत घेतली. कागदाच्या गुंडाळीची जागा चिपने घेतली, कल्पना १९४२ चीच. चिमट्यांचे फळे अडगळीत गेले.

पण एक नवे बंधन आले. क्रिस्टलच्या काळात एका कंपनीचा रिसीव्हर दुसरीच्या सेटशी बरेचदा जमायचा. आता प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. सेट घेतला की त्या घराण्याशी सोयरीक झाली, रिसीव्हर कायम तिथलेच. आणि घराणी बुडतात. हेलिकॉप्टरवाल्यांचा एके काळचा लाडका जपानी ब्रँड जे.आर. २०१५ साली दिवाळखोरीत निघाला आणि त्याचे सेट बाळगणारे पेचात पडले. याला उतारा काढला तो हौशी प्रोग्रामरांनी. स्वस्त चिनी सेटमधली आज्ञावली काढून त्यांनी स्वतःची खुली आज्ञावली बसवली. त्यातून ओपनटीएक्स, मग एजटीएक्स उभे राहिले. आज रेडिओमास्टरसारख्यांच्या सेटमध्ये ती येते, आणि बहुभाषी मोड्यूल असले तर अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरशी एकच सेट बोलू शकतो.

मग घ्यावे काय? बिझनेस पार्कातल्या आपल्या माणसाला, जो दिवसभर संगणकावरच असतो, मी खुल्या आज्ञावलीचा, आठ वा अधिक वाहिन्यांचा, २.४ गिगाहर्ट्झचा सेट सुचवीन. सेटिंग करताना डोके शिणते, पण त्या जातीच्या शीणाची त्याला सवय आहे. ज्याला मेनू, वक्ररेषा यांचा कंटाळा आहे त्याने स्पेक्ट्रम किंवा फुटाबा घ्यावा, चार पैसे जास्त द्यावेत आणि सुखाने राहावे. दोघांनीही सेट हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. अंगठ्याने दांडी ढकलणारा आणि चिमटीत धरणारा यांचे हात वेगळे असतात. घरगुती सिम्युलेटरांचा जमाना १९९७ च्या रिअलफ्लाइटपासून फोफावला, आज निवडीला भरपूर वाव आहे. सेट तारेने किंवा छोट्या डाँगलने संगणकाला जोडला जातो की नाही, ते दुकानातच विचारावे. सिम्युलेटरवर हेलिकॉप्टरचे तोंड आपल्याकडे करून ते दहा मिनिटे स्थिर ठेवता येईपर्यंत खऱ्या यंत्राची खरेदी लांबणीवर टाकलेली बरी.

एक खटका मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचा करून घ्या : थ्रॉटल होल्ड. तो ओढला की मोटर बंद, पात्यांचा कोन मात्र हातात. मूळ उपयोग बंद इंजिनाने अलगद उतरण्याचा. रोजचा उपयोग, जमिनीवरच्या यंत्राजवळ जाताना ते चुकून सुरू न होण्याचा. मध्यम आकाराच्या मॉडेलची पाती मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या घरात फिरतात. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका उद्यानात १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच हेलिकॉप्टरच्या पात्याने जागीच गेला, आणि तो नवशिका नव्हता. सेट निवडताना हा खटका न पाहता बोटाला सापडतो का, ते आधी तपासा.

राहता राहिला सुटीत गावी नेण्याचा प्रश्न. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, त्यामुळे तोच पट्टा दोन्हीकडे चालतो. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे लांब पल्ल्याचे मोड्यूल मात्र देशागणिक वेगळे असतात, ते टाळावे. उडवण्याला २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, आणि हिरवा-पिवळा-लाल हवाई नकाशा पाहिल्याशिवाय काही करू नये. पुण्यात लोहगावचा हवाई तळ विसरून चालणार नाही. सेटच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सामानाच्या बॅगेत चालत नाहीत. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या हातातल्या बॅगेत ठेवा, आणि सेटही सोबतच घ्या. दांड्या फार नाजूक असतात.